बिनगोळीचा पंधरवडा

मला एका जागी बसता येत नाही. हिच्या पायाला भिंगरी आहे असं घरात सगळेच म्हणतात, आणि ती बापाकडून आली आहे हेही लगेच जोडून देतात. बाबा महसूल खात्यात गिरदावर, म्हणजे तलाठ्यांच्या वरचे अधिकारी होते. गावातून अर्ज आला की त्याच दिवशी मौक्यावर, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर हजर. बांध मोजायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि दिवस मावळायच्या आत निकाल. ‘उद्या पाहू’ म्हणणाऱ्या माणसाशी ते पुढे नीट बोलायचेसुद्धा नाहीत. मी आता त्याच खात्यात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या कचेरीत आहे. टेबलावर कागद पडून राहिला की माझा जीव खालीवर होतो. अशा बापलेकीला आईच्या गुडघ्याने हात बांधून बसवलं. त्या दिवसांबद्दल लिहायला बसले आहे, आणि एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून पाणी पिऊन आले.

आधी आई कशी आहे ते सांगते. आई चालणारी बाई. आदिलाबादेत आमचं घर स्टेशनच्या बाजूला, भाजीबाजार तिथून चांगला लांब, पण ऑटोत बसणं म्हणजे दुखणाईताचं काम असं तिचं ठाम मत. बाजारात कोथिंबीरवालीशी तेलुगूत, बागवानाशी उर्दूत आणि आमच्याकडच्या वांगीवालीशी मराठीत भांडायचं आणि भरलेली पिशवी हातात घेऊन पायी परत यायचं, हा तिचा रोजचा आनंद. गुडघा झिजला तेव्हा बाजार सुटला आणि ती घरात नुसती धुमसत बसली. मग नागपूरला नेऊन आम्ही तिचा गुडघा बदलून आणला. धातूचा नवा सांधा. पावसाळा संपेस्तोवर बाई परत बाजारात. सगळ्यांना साडी वर करून टाक्यांचा व्रण दाखवायची. काही वर्षं छान गेली.

मग एका दिवाळीनंतर तो गुडघा दुखायला लागला. आधी थोडा, मग जिना चढताना, मग नुसतं पडल्या पडल्यासुद्धा. वर सूज. हात ठेवला की तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा गरम लागायचा. आमच्या गल्लीत एक आरएमपी आहे. आमच्याकडे तेलंगणात ज्याला मोठी डिग्री नाही पण जो सुया टोचतो, सलाईन लावतो आणि हाकेला धावून येतो त्याला सगळे आरएमपी म्हणतात. तो आला, एक सुई दिली, कॅप्सूल लिहून दिल्या. चार दिवसांत गुडघा निवला. कॅप्सूल अर्ध्यावर थांबल्या, उरलेल्या फ्रिजवरच्या डब्यात गेल्या. महिन्याने परत सूज, परत सुई, परत दुसऱ्या रंगाच्या कॅप्सूल. असं किती वेळा झालं ते आता आम्हा कोणालाच धड सांगता येत नाही. दर वेळी बरं वाटे आणि दर वेळी आम्ही म्हणू, गेलं एकदाचं.

पुढची दिवाळीही अशीच गेली आणि शेवटी मीच चिडले. रजा टाकली, गाडी ठरवली आणि आईबाबांना घेऊन नागपूर गाठलं.

डॉक्टर तेच, ज्यांनी सांधा बसवला होता. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, फोटो काढायला लावले, रक्त तपासलं. मग म्हणाले, “आतमध्ये जंतू बसलेत असा मला दाट संशय आहे. सांध्यातलं पाणी काढून तपासू.”

हे ऐकल्याबरोबर आईने गुडघ्यावर पदर ओढला. “पानी नाई काढाचं. एकदा काढलं का सवय लागते. मंग घडीघडी काढा लागते. आमच्या शेजारनीचं तसंच झालं.”

हे आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. गुडघ्यातलं पाणी म्हणजे वंगण, ते काढलं की गुडघा खडखडतो. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, मी समजावलं, आई हलेना. मग बाबा म्हणाले, “अवं, मौका पाहिल्याबिगर निकाल लागते का?” आई त्यांच्याकडे पाहत राहिली आणि तिने पदर बाजूला केला. बाबांचं तिने कधी मोडलेलं मला आठवत नाही.

पाणी निघालं ते गढूळ. त्यात पू झाल्यावर दिसतात त्या पेशी भरपूर सापडल्या, पण जंतू काही उगवला नाही. डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा बोलावून घेतलं.

“हे पाणी आम्ही एका बशीत पेरतो,” ते म्हणाले. “जंतू असला तर तिथे वाढतो, मग कळतं कोणता आहे आणि कोणत्या औषधाने मरेल. पण तुम्ही इतके महिने गोळ्या देत आलात. वावरात तणनाशक मारून दुसऱ्या दिवशी तण पाहायला गेलात तर दिसेल का? वर काही दिसणार नाही, मुळं मात्र तशीच. धातूवर हे जंतू चिकट थर करून बसतात. गोळीने वरचे मरतात, थराखालचे मजेत असतात.”

“मग आता?”

“आता दोन आठवडे एकही अँटिबायोटिक नाही. गोळी नाही, सुई नाही. त्यांना वर येऊ द्या. मग परत पाणी काढू.”

माझं डोकंच फिरलं. “म्हणजे आतमध्ये जंतू आहेत हे ठाऊक असून आम्ही काहीच करायचं नाही?”

“हो. तेच करायचं आहे. ताप फार चढला, थंडी वाजून आली, गुंगी आली किंवा धाप लागली तर एक मिनिट थांबू नका, लगेच आणा. नाही तर नुसतं बघत बसा.”

आणि मग त्यांनी पुढचं सांगितलं, तेही आईसमोर, कारण ती हटून बसली होती की माझ्यासमोरच सांगा. जंतू असेल तर दोन ऑपरेशनं. पहिल्यात हा सांधा काढून टाकायचा, जागेवर औषध भरलेला सिमेंटचा ठोकळा ठेवायचा, काही आठवडे शिरेतून औषध. सगळं साफ झालं की दुसऱ्यात नवा सांधा. जंतू नसेल, सांधा नुसता ढिला झाला असेल, तर एकाच ऑपरेशनात बदलता येईल. पण जंतू असताना तसाच नवा बसवला तर तोही सडणार, आणि मग हाड इतकं खाल्लं जाईल की पाय कायमचा सरळ, न वाकणारा करून टाकावा लागेल. त्याहून वाईटही होऊ शकतं.

“सरळ पायानं चालता येते का?” आईने विचारलं.

“घरातल्या घरात. काठी घेऊन.”

परतीच्या वाटेवर कापसाच्या गाड्यांमागे आम्ही पैनगंगेपर्यंत रांगत आलो. आई खिडकीतून बाहेर पाहत होती. बाबा पुढच्या सीटवर बसून दर थोड्या वेळाने मागे वळून तिच्या गुडघ्याकडे पाहत होते.

ते दोन आठवडे म्हणजे नुसता जाच. माझं सासर दोन गल्ल्या सोडून आहे. सकाळी बोथची बस धरायच्या आधी मी आईकडे, संध्याकाळी उतरल्यावर थेट आईकडे. गुडघ्याला हात लावायचा, थर्मामीटर लावायचा, मग अंगणात येरझारा. थंडी आमच्याकडे हाडं गोठवणारी, तरी मला घरात बसवेना. आई म्हणायची, “अवं बस ना कुठंतरी. तुले पाहूनच मले दम लागते.” कचेरीत मी चुकीच्या फायलीवर चुकीचा शिक्का मारला आणि साहेबांनी वर पाहून मला नुसतं म्हटलं, “घरी जा बाई.” गेले नाही. घरी तरी काय करायचं होतं?

बाबांचं तर विचारू नका. ते दाराशी उभे राहायचे, तिथून खिडकीशी, तिथून पलंगाशी. “ही कोनती रीत झाली? रोग हाय म्हन्ते आन दवा देऊ नका म्हन्ते.” मी डॉक्टरांचं तणनाशकाचं उदाहरण त्यांना परत सांगायची. ते मान हलवायचे आणि परत खिडकीशी जायचे.

मग एका सकाळी मी गेले तर बाबा स्वयंपाकघरात. गॅसवर भांडं, भांड्यात चहा, आणि बाबा हातात गाळणी घेऊन साखरेचा डबा शोधून राहिले होते. मी उंबऱ्यातच उभी राहिले. माझ्या बाबांनी जन्मात चहा केला नव्हता. त्यांच्या वयाच्या आमच्या घरांतला पुरुष पाण्याचा पेलासुद्धा हाक मारून मागवतो. आई तापाने फणफणली असेल तर शेजारची येऊन चहा ठेवून जायची, पण बाबा चुलीकडे वळायचे नाहीत. आणि आता साखर कोणत्या डब्यात असते हे ते मला विचारत होते.

“तिचा पाय दुखते. तिनं उठाव का?” एवढंच म्हणाले.

आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. लाजलीच होती ती. शेजारणी आल्या की सांगे, “आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ हेच चहा करून राह्यले.” शेजारणी तोंडाला पदर लावून हसत. एक म्हणाली, “म्हातारपनी पालवी फुटली वं बाई.” मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, जरा शिका काहीतरी सासऱ्यांकडून. बाबा चहात आलं भरपूर टाकत, साखर त्याहून भरपूर, आणि कप आईच्या हातात देऊन ती तो संपवेपर्यंत समोर उभे राहत. आई एक थेंब ठेवायची नाही.

आणि गुडघा निवत गेला. सूज उतरली, गरमपणा कमी झाला. मी हात लावून म्हटलं, “बघ आई, नवऱ्याच्या हातच्या चहाचा गुण.” ती हसली. बाबा तिथेच होते. तेही थोडे हसले.

दोन आठवड्यांनी परत नागपूर, परत सुई. ह्या वेळी आईने डोळे मिटले आणि कुरकूर न करता पाणी काढू दिलं. डॉक्टरांनी विचारलं, “मधे काही औषध घेतलं नाही ना?” आई म्हणाली, “देवाशप्पथ नाई.” बाबा बाहेर गाडीवाल्याशी बोलत होते.

काही दिवसांनी फोन आला. काहीच वाढलं नाही. पेशीही आधीपेक्षा कमी झाल्या होत्या. डॉक्टर थोडे चाचरत म्हणाले की जंतू असता तर औषधाशिवाय गुडघा असा शांत झाला नसता. सांधा ढिला झाला आहे हे फोटोत दिसतंच आहे. एकाच ऑपरेशनात बदलून टाकू. तारीख ठरली. आईने लगेच शेजारणीला सांगून टाकलं की संक्रांतीच्या वाणाला मी स्वतः पायी येते.

निघायच्या सकाळची गोष्ट. गाडी दारात उभी. मी पिशव्या भरत होते. बाबांनी चहा केला आणि कप आईसमोर आणला. आई म्हणाली, “आज नको. गाडीत मळमळते मले.” बाबा म्हणाले, “घे, घोटभर तरी घे.” ती म्हणाली, “नाईच जात आज.” बाबा कप घेऊन तसेच उभे राहिले. मला घाई होती, तोंड धुतल्यापासून पोटात काही नव्हतं. मी म्हटलं, “आणा, मी पिते,” आणि त्यांनी काही म्हणायच्या आत मोठा घोट घेतला.

कडू. आल्याचा तिखटपणा वेगळा असतो. हे औषधी कडू होतं, जिभेच्या मागे जाऊन बसणारं. कपाच्या तळाशी पांढरट गाळ होता.

“बाबा, हे काय आहे?”

“आलं जास्त झालं असन.”

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर, भांड्याच्या मागे, उघडलेल्या कॅप्सूलची दोन रिकामी टोपणं पडली होती. फ्रिजवरच्या डब्यातल्या पाकिटांपैकी एक रिकामं झालं होतं, दुसरं अर्धं. मी बाहेर येऊन ती टोपणं बाबांसमोर धरली आणि काय काय बोलले ते आता लिहिणार नाही. गाडीवाला दारातून आत डोकावून परत गेला एवढं आठवतं.

बाबा पलंगाच्या कडेला बसले. “तुमी येता आन जाता,” ते म्हणाले. “रात्रभर ती कन्हते ते मले ऐकू येते. दवाई घरात हाय, तिचा गुन येते हे डोळ्यानं पायलं हाय, आन मी नुस्तं पायत बसू? तिले हातात गोळी देल्ली असती तं तिनं तुले सांगितलं असतं. म्हनून चहात.”

मग आईचं माझ्या लक्षात आलं. मी तिच्याकडे वळले. “आणि तुला कडू नाही लागला? रोज दोन कप?”

“लागे,” आई म्हणाली.

“मग बोलली काऊन नाहीस?”

आईने बाबांकडे पाहिलं. मग म्हणाली, “साऱ्या जन्मात पयल्यांदा त्यायनं माझ्यासाठी चहा केला. कडू हाय म्हनलं असतं तं दुसऱ्या दिवशी केला असता का?”

मला रडू आलं आणि रागही तेवढाच आला. कोणावर काढावा कळेना. मी अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन लावला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, “आज कळलं हे नशीब समजा. उद्या मी नवा सांधा टाकला असता आणि तुमच्या आईचा पाय गेला असता.” ऑपरेशन रद्द. परत दोन आठवडे, परत काही न देता. गाडीवाल्याला मी परत पाठवलं. आई नव्या साडीत तशीच बसून होती.

त्या दुपारी बाबांनी बॅगेत दोन धोतरं आणि स्वेटर भरला. मी विचारलं, कुठे? म्हणाले, “बोथले, भावाकडं. मी इथं राह्यलो आन ती कन्हली तं मी देईनच. मले माहीत हाय.” मी डबा उचलून माझ्या घरी नेला होता, तसं त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, “मेडिकलची दुकानं काय तू उचलून नेशीन?” आईने त्यांना थांबवलं नाही. लग्नानंतर ती दोघं एकमेकांना सोडून राहिली असतील तर ती बाळंतपणांतच.

ह्या खेपेला जंतूंनी वाट पाहायला लावली नाही. आठवडा होतो न होतो तोच गुडघा लाल झाला, कातडी ताणून चकाकायला लागली. आई रात्री कण्हायची. मी तिथेच झोपायला गेले होते, आणि मग मला कळलं की बाबा काय ऐकत होते. गोळी द्यावी असं माझ्याही मनात आलं. मी उशी कानावर ओढून पडून राहायची आणि स्वतःलाच शिव्या घालायची.

दिवसा बाबा बोथच्या कचेरीत यायचे. जुने गिरदावर म्हणून शिपाई खुर्ची द्यायचा, ते बसायचे नाहीत. माझ्या टेबलासमोर उभे राहून विचारायचे, “ताप किती?” मी सांगायची. ते व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे. “उतरला का?” अहो, आत्ताच तर सांगितलं. मग मी फोन लावून आईला विचारायची आणि त्यांना सांगायची. असं दिवसातून किती वेळा. साहेबांनी चालवून घेतलं. माझा बाबांवरचा राग तोवर गेला नव्हता, पण त्यांना हाकलवतही नव्हतं.

मग एका दुपारी नवऱ्याचा फोन आला. आईला थंडी वाजून ताप चढला होता, दात वाजत होते, बोलणं तुटक झालं होतं. एक मिनिट थांबू नका, हे डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात घोळत होतंच. पंधरवडा पुरा व्हायला अजून वेळ होता. मी फोनवर एवढंच म्हटलं, “काहीही देऊ नका, गाडीत घाला.” बाबा समोरच उभे होते. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “तू निघ. मी मागून बसनं येतो. मी गाडीत असलो आन ती कन्हली तं मले राहवनार नाई.” आदिलाबादपर्यंत मी कशी आले, आईला कसं नागपूरला नेलं, सगळं धुरकट आहे. हिंगणघाटच्या आसपास ती मला विचारत होती की भाजीचं पोतं उतरवलं का.

दवाखान्यात त्यांनी आधी रक्त घेतलं, सांध्यातलं पाणी काढलं, आणि मगच शिरेतून औषध सुरू केलं. ह्या वेळी सुईत सरळ पू आला. दोन-तीन दिवसांत तो बशीत उगवला. डॉक्टरांनी व्हरांड्यात येऊन सांगितलं, “वाढला. कोणता आहे ते कळलं, आणि ह्याला लागू पडणारी औषधं आहेत.” मला पेढे वाटावेसे वाटले. आईच्या हाडात जंतू सापडला म्हणून पेढे. बाकड्यावर बसलेल्या बाबांना मी मोठ्याने सांगितलं, “सापडला,” आणि ते दोन्ही हातांनी तोंड झाकून बसून राहिले.

पहिलं ऑपरेशन झालं. सांधा निघाला, सिमेंटचा ठोकळा बसला, पाय पट्टीत सरळ. काही आठवडे शिरेतून औषध. आदिलाबादला आणल्यावर रोज एक नर्सबाई येऊन ते लावून जायची. आई वॉकर धरून पलंगापासून संडासापर्यंत जायची आणि दमून बसायची. बाबा घरी परत आले होते. ते चहा करत राहिले, पण आता करण्याआधी विचारत, “करू का?” आणि मी असले तर मला हाक मारून भांडं दाखवत. मी म्हणायची, राहू द्या बाबा, कशाला दाखवता. ते तरी दाखवायचे.

औषध संपलं आणि डॉक्टरांनी तेच परत सांगितलं. जंतू खरंच गेला का हे पाहायचं आहे, तर पुन्हा दोन आठवडे काहीही द्यायचं नाही, मग पाणी तपासायचं. साफ निघालं तर नवा सांधा. नाही निघालं तर पुन्हा उघडायचं, पुन्हा ठोकळा, आणि हाड पुरलं नाही तर तो सरळ पाय. मी बाबांना विचारलं, बोथला जाता का? ते आईकडे पाहून म्हणाले, “ती म्हनन तसं.” आई म्हणाली, “राहू दे त्यायले इथंच.”

ते दिवस कसे गेले ते सांगत नाही, पुन्हा तेच. नागपूरला जाऊन पाणी देऊन आलो. निकालाचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे आईच्या पलंगाभोवती होतो. मी फोन स्पीकरवर टाकला. डॉक्टर आनंदाने म्हणाले, “काहीच वाढलेलं नाही. पेशीही नाहीत. तारीख घेऊ या.”

कोणीच हललं नाही. हेच शब्द आम्ही आधी एकदा ऐकले होते. मी बाबांकडे पाहिलं. नवऱ्यानेही पाहिलं. बाबा भिंतीशी उभे होते, हात लोंबकळत.

“मी काई देल्लं नाई,” ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

तुमच्यावर विश्वास आहे बाबा, असं मला म्हणायचं होतं, आणि नजर मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. फोनवर डॉक्टर हॅलो, हॅलो करत होते.

“त्यायनं नाई देल्लं,” आई पलंगावरून म्हणाली. “डॉक्टरसायबाले म्हना, तारीख द्या.”

“तुला काय माहीत?” मी विचारलं.

“ह्या खेपेले मी सारं चाखून घेतलं. चहा, वरन, दूद, पानीसुद्दा. आदी जिभेवर ठेवाचं, कडू नाई ना पाहाचं, मंग गिळाचं. एक घोट तसा जाऊ देल्ला नाई.”

बाबांनी मान वर केली. रोज दोन वेळा ते तिच्यासमोर उभे राहून तिला चहा पिताना पाहत होते, आणि ती काय करत होती हे त्यांना आत्ता कळलं. आईने नजर वळवली नाही.

“तुमाले वाईट वाटन तं वाटू द्या,” ती त्यांना म्हणाली. “मले चालाचं हाय.”